तारीफवाले सुदामकाका

आमचे शेजारी सुदामकाका आयातशुल्काच्या टॅरिफला तारीफ म्हणतात. "अमेरिकेनं आपली तारीफ आनखी वाढवली," असं ते केनवडच्या स्टँडवरच्या हॉटेलात बसून सांगतात, आणि रिसोडची गाडी धरायला आलेला एखादा भोळा माणूस खूश होऊन जातो.

हा गृहस्थ कधी अकोल्याच्या पलीकडे गेलेला नाही. आपल्याच ग्रामपंचायतीनं काय ठराव केला विचारा, जांभई देईल. अमेरिकेची घटना मात्र यानंच लिहून दिल्याचा थाट. सगळं ज्ञान मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओंचं. सिनेट म्हणजे काय, तर "आपल्या झेडपीवानी, फक्त तिथले लोक टाय घालतात." असल्या विद्वानाला कोण आवरणार?

आवरायचे ते थोरले बंधू, देविदासकाका. धुऱ्यावरून, म्हणजे दोघांच्या वावरांमधल्या हातभर बांधावरून, दोघांचा अबोला. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांकडे पाठ. पण अमेरिकेला तो अबोला लागू नव्हता. तिथं राष्ट्राध्यक्ष मोठा, असं सुदामकाकांचं म्हणणं. कोर्ट मोठं, असं देविदासकाकांचं. रोज सकाळी दोघं टेबलावर हात आपटायचे आणि गिऱ्हाइकं चहा अर्धा टाकून उठायची. रिकामटेकडेपणाची स्पर्धा असती, तर दोघांनी जिल्ह्याचं नाव काढलं असतं.

पोळ्याच्या सुमारास देविदासकाकांना लकवा मारला. वाचा गेली.

बघायला गेलो, तर खाटेजवळ सुदामकाका बसलेले. या घराचा उंबरठा त्यांनी किती वर्षांनी ओलांडला, कोण जाणे. भावाला डिवचणं चाललं होतं. राष्ट्राध्यक्षानं नवा हुकूम काढला, आता तुहं कोर्ट काय करून राह्यलं, म्हणून विचारत होते. धुरा तुहाच, असंही म्हणून झालं. देविदासकाका नुसते बघत होते.

जन्मात कुणापुढे हार न मानलेला तो माणूस मग खाली वाकला.

"बरं दादा, कोर्टच मोठं. मी हारलो. आता त बोल."

मला तिथं उभं राहवेना, आणि निघताही येईना.

सुदामकाकांनी घसा खाकरला आणि थोरल्याची बाजू स्वतःच मांडायला घेतली. त्याच क्रमानं, त्याच ठसक्यात, एकेक मुद्दा. एकही सुटला नाही. इतकी वर्षं हा माणूस भावाचं सगळं ऐकत होता.