रामटेके काकांचा नळाचा फॉर्म

माझ्या लग्नाची पत्रिका रामटेके काकांनी दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली. लाल पेनानं चार चुका काढलेल्या. वर म्हणाले, "लग्नाले येतो. पण वार चुकला आहे, पहिले थो दुरुस्त कर." आणि वार खरंच चुकला होता हो!

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काकांचा जन्म गेला. काका रिटायर झाले, खिशातला लाल पेन झाला नाही. गुढियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणताही फॉर्म त्यांना दाखवल्याशिवाय खिडकीवर जात नसे. "कागद एका खेपेत पास झाला पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या पोट्टीला त्यांनी कॉलेजचा फॉर्म तीनदा लिहायला लावला. ती वैतागून म्हणाली, "दादाजी, एडमिशन मेरा है कि आपका?" काका म्हणाले, "हव, तुझाच आहे. सही इथं कर."

गेल्या वर्षी त्यांनी घर विकलं. मुलाकडे तेलीबांध्याच्या फ्लॅटात जायचं होतं. सामान बांधून झालं, राहिला फक्त नळ. नळाचं कनेक्शन काकूंच्या नावावर, आणि काकू दोन वर्षांआधी वारल्या. ते आता घर घेणाऱ्या साहूजींच्या नावावर करायचं होतं. एका पानाचा फॉर्म. काकांच्या डाव्या हातचा मळ!

फॉर्म परत आला. सहीच नव्हती. पुन्हा भरला, पुन्हा परत. तारखेच्या जागी मोबाईल नंबर. तिसऱ्या वेळी काकूंच्या मृत्यूचा दाखलाच जोडला नव्हता. साहूजी घाबरून माझ्याकडे आले, "भैया, चाचाजी की तबियत तो ठीक है न?" मुलगा फोनवर रोज ओरडत होता. मलाही वाटलं, म्हातारा कामातून गेला.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो.

"काका, काहून असं करून राहिले? तुमच्या हातून अन् चूक?"

त्यांनी नळाचं बिल माझ्यापुढे धरलं. वर छापलेलं होतं, श्रीमती शांताबाई रामटेके.

"राशन कार्डातून तिचं नाव मीच कटवलं," काका म्हणाले. "वोटर लिस्टातून मीच, बँकेतून मीच. सगळे कागद एका खेपेत पास झाले बा. आता हा एकच राहिला. इथं थे अजून घरमालकीण आहे."

मला वाईट वाटलं, आणि त्यांना वेड्यात काढल्याची लाजही वाटली.

काकांनी नाक पुसलं. "साहूजीच्या घरी लेकरं आहेत, त्यायले पाणी लागते. तू भर. माह्या हातून नाही भरल्या जात."

मी भरला. दाखला जोडला. काकांनी सवयीनं लाल पेन काढला आणि ओळीओळीवर बोट ठेवून फॉर्म वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला. एकही चूक सापडली नाही.

"पास होऊन जाते हा," म्हणाले, आणि चष्मा काढून रडायला लागले.