थांबा, कॅसेट बदलतो

रडणारी माणसं हुकमाने थांबवता येतात, यावर माझा विश्वास नव्हता. सुपडूनानांनी तो बसवला. शिंदखेड्याकडचं एक लग्न, पाठवणीची वेळ. नवरी आईच्या गळ्यात, आई मावशीच्या गळ्यात, मावशी जी सापडेल तिच्या गळ्यात, आणि सगळ्यांचा एकच सूर लागलेला. तेवढ्यात खांद्यावर कॅमेरा घेतलेल्या नानांनी डावा हात वर केला. "जराखं थांबा, कॅसेट बदली ऱ्हायनू. तवलग रडू नका." तुम्हाला खोटं वाटेल, पण बायका थांबल्या. कुणी पदराने नाक पुसलं, कुणी नवरीचं कुंकू नीट केलं, एकीने तर तेवढ्यात शिदोरीच्या डब्याची चौकशी करून घेतली. नानांनी नवी कॅसेट घातली, झाकण लावलं, हात खाली केला. रडणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

नाना आमच्या धुळ्याच्या गल्लीतले. माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून त्यांची पाटी होती, 'लग्नाचे शूटिंग व मिक्सिंग'. शूटिंग म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मिक्सिंग म्हणजे नंतरची कापाकापी: नको ते काढायचं, गाणी घालायची, नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवून गरागरा फिरवायचं, आणि सासूबाईंना गुलाबाच्या पाकळ्यांतून उगवायला लावायचं. नानांच्या हातून गेलेल्या कॅसेटमध्ये कोणतीही सासू एकदा तरी गुलाबातून उगवलेली असायचीच.

या धंद्याने त्यांचं डोकंच तसं झालं होतं. जगात जे काही वाईट घडेल त्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. मांडवात मामा रुसले, "मिक्सिंगमा काढी टाकसू." पंगतीत वरण सांडलं, "मिक्सिंगमा काढी टाकसू." एकदा माझं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं आणि मी तोंड पाडून दुकानात बसलो होतो, तर हा गृहस्थ पाठीवर हात ठेवून मला तेच सांगून गेला. मला इतका राग आला म्हणता! पण संध्याकाळी घरी गेलो तेव्हा भांडणातलं निम्मं खरंच गळून गेलं होतं.

दुसरं वेड कॅमेऱ्याचं. कॅमेरा परक्याच्या हातात दिला की बिघडतो, असं त्यांचं ठाम मत. सख्ख्या भावाला हात लावू देत नसत. जेवताना तो मांडीवर, एसटीत मांडीवर. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का म्हणायच्या, मला एवढं जपलं असतं तर मी अजून वीस वर्षांची दिसले असते.

मी जळगावहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि नानांनी कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायचं ठरवलं, हे साधारण एकाच सुमारास झालं. माझं नशीब, दुसरं काय म्हणणार. मशीन मीच जोडून दिलं. आत एक व्हिडिओचं कार्ड, एक डिस्प्लेचं कार्ड, आणि मुंबईहून आणलेलं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. नानांनी पेटीला हळदकुंकू लावलं, खोलीतला एकुलता एक कूलर तिच्याकडे वळवला, आणि धुळ्याच्या वैशाखात स्वतः बनियनवर घाम पुसत बसले. कॉम्प्युटर गारेगार, मालक शिजलेला.

पहिले काही महिने बरे गेले. मग एके दिवशी नाना दारात. "इंजिनेरभाऊ, कार्ड बिघडनं."

मी गेलो. एक ठराविक कॅसेट लावली, तिच्यातल्या एका ठराविक जागी आलं, की चित्र गोठायचं. माउस हलत नाही, किबोर्ड ऐकत नाही, सगळं ठप्प. बाकीच्या लग्नांना काही होत नव्हतं. मी पेटी उघडली, कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं. पुन्हा तेच. ड्रायव्हर पुसून नव्याने घातला. पुन्हा तेच. मुंबईच्या दुकानदाराला एसटीडी बूथवरून फोन लावला, तर त्याने मला ड्रायव्हर पुसून नव्याने घालायला सांगितलं.

चौथ्या दिवशी मला खरी मेख सापडली. कंट्रोल पॅनेलमध्ये आत आत गेलं की एक सरकता काटा असतो, डिस्प्लेच्या कार्डाच्या वेगाचा. चार घरं. उजवीकडच्या शेवटच्या घरात काटा ठेवला की कार्ड पूर्ण जोरात चालतं, चित्र रंगवायचं काम परस्पर उरकून टाकतं. बरं असतं ते, पण स्लो मोशनसारखं काही आलं की कार्ड पुढे धावतं आणि सॉफ्टवेअर मागे राहतं. वरातीत बँड पुढच्या चौकात पोचावा आणि घोडा अजून पहिल्याच चौकात असावा, तसं. मग दोघंही अडतात. मी काटा एक घर मागे घेतला. कॅसेट सुरळीत चालली की नाही हे पाहायला नानांनी मला थांबू दिलं नाही. आता मी बघतो म्हणाले, आणि चहासुद्धा न पाजता मला वाटेला लावलं.

आठ दिवसांनी नाना पुन्हा दारात. कार्ड पुन्हा बिघडलं. जाऊन पाहतो तर काटा पुन्हा उजवीकडे, शेवटच्या घरात. नानांना विचारलं. "मी हात लावा नही," म्हणाले. मी मागे घेतला. पंधरा दिवसांनी पुन्हा उजवीकडे. मला वाटलं सॉफ्टवेअरच सरकवतंय. मी त्याच्या नावाने शिव्या देत ते दोनदा काढून दोनदा घातलं. एका कागदावर ठळक लिहून मॉनिटरला चिकटवलं, 'काट्याला हात लावू नये'. नानांनी त्या कागदालाही हळदकुंकू लावलं. काटा पुन्हा उजवीकडे.

असं वर्ष गेलं. कॅसेट कुणाची हे मी विचारलंच नाही. आम्हा दुरुस्तीवाल्यांची हीच खोड, रोग पाहतो, माणूस पाहत नाही.

ते मला अक्कांनी सांगितलं. एका दुपारी त्या दुकानात आल्या. हातात सुरतेहून आलेलं आंतरदेशीय पत्र होतं, तेच पुढे केलं. नानांना एकच मुलगी, वंदना. तिचं तीन वर्षांपूर्वी लग्न झालं, सुरतेला दिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, मनसोक्त झोपतात. वंदना पहिल्या आखाजीला आली होती, तेव्हा लग्नाची कॅसेट मागितली, नाना म्हणाले काम बाकी आहे. दुसऱ्या आखाजीला ती आलीच नाही. आता लिहिलं होतं की नणंदेचं लग्न झालं, आठ दिवसांत कॅसेट आली, सगळं घर बघायला बसलं, आणि सासूबाईंनी विचारलं की तुझी कुठे आहे, तुझे वडील तर हाच धंदा करतात ना. पुढे लिहिलं होतं, 'नाना, जगाच्या मुलींच्या कॅसेटी करता. माझ्या जाण्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही का? कॅसेट झाली असेल तर आखाजीला येते. नसेल तर तसं कळवा, मी येणार नाही.'

आखाजी दहा दिवसांवर होती. अक्का म्हणाल्या, "भाऊ, त्या कार्डाचं एकदाचं काय ते करा. मनी आंडेर तुटी जाई." त्यांची मुलगी खरोखर तुटायच्या बेतात होती, आणि ते त्या कार्डामुळे असं त्यांना वाटत होतं. मी तसाच पायात चपला सरकवून निघालो. मनात म्हटलं, आज हे कार्ड तरी राहील नाहीतर मी तरी.

नानांच्या मिक्सिंगच्या खोलीत न कळवता मी पहिल्यांदाच गेलो असेन. कूलर पेटीकडे तोंड करून घरघरत होता. नाना खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. समोर चित्र गोठलेलं. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी, मागे फुलं लावलेली जीप, आणि मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघतेय. मी सवयीने पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. मशीन हँग झालं की ते घड्याळही थांबतं. तिथे एक वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावर पावणेचार.

अडीच तास हा माणूस गोठलेल्या पडद्यासमोर बसला होता. मशीन पुन्हा चालू करायला त्याने बटनही दाबलं नव्हतं.

मी भडकलोच. म्हटलं, काटा तुम्ही सरकवता. वर्षभर मला येड्यासारखं नाचवलंत. मग म्हटलं, अहो, एवढंच बघायचं असेल तर पॉजचं बटन आहे की. त्यासाठी मशीन कशाला मारता?

नानांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "पॉज करं ते मी थांबाडस तिले. हँग व्हयनं ते ती सोता थांबस."

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्टूल ओढून मी त्यांच्याजवळ बसलो, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलीच्या लग्नातही त्यांनी कॅमेरा कुणाला दिला नव्हता. कन्यादानाला अक्कांशेजारी वंदनाच्या चुलत्यांना बसवलं आणि स्वतः समोर उभे राहून शूटिंग केलं. पाठवणीला वंदना सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली आणि शेवटी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती बापाकडे बघत होती. नानांना मात्र शॉट दिसत होता. उजेड चांगला, मागे जीप बरोबर चौकटीत. ती थांबली, थांबली, आणि नवरी फार वेळ थांबली की नाना जे करतात तेच त्यांनी केलं. डाव्या हाताने खूण केली, चला, पुढे चला. वीस वर्षांत शेकडो नवरींना केली तीच. वंदना मुकाट्याने वळली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"तो हात पुढला तुकडामा शे," नाना म्हणाले. तो त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिला होता. पुन्हा पाहायची छाती झाली नाही, म्हणून हात होईल तितका उशिरा यावा यासाठी त्या जागेवर त्यांनी स्लो मोशन टाकलं, तर मशीन नेमकं हाताच्या आधीच अडायला लागलं. त्यांना ते बरंच वाटलं. हात आला नाही तोवर मुलगी गेलेली नव्हती.

मी अक्कांनी दिलेलं पत्र त्यांच्यासमोर धरलं. नानांनी ते वाचलेलंच होतं. मी म्हटलं, नाना, तिला वाटतंय तुम्हाला काहीच वाटलं नाही. तुम्ही इथे तिला थांबवून ठेवलंय आणि ती तिकडे खरीच यायची थांबेल.

मग नानांनी स्वतः बटन दाबलं, मशीन पुन्हा चालू झालं, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता कंट्रोल पॅनेल उघडलं. काटा एक घर मागे घेतला. माझ्याहून सफाईने घेतला, वर्षभराचा सराव होता.

चित्र चाललं. वंदना आली, उभी राहिली, बघत राहिली. मग पडद्याच्या कडेने एक हात आत आला. मनगटाला सुताचं कंकण, बोटाला हळद. चला, पुढे चला. स्लो मोशनमुळे तो हात इतका सावकाश हलत होता, की निरोप कुणाचा चाललाय तेच कळेना. वंदना वळली. नानांनी बनियनला डोळे पुसले.

मी हळूच विचारलं, हात मिक्सिंगमध्ये काढून टाकायचा का?

नाना नको म्हणाले. त्यांच्या तोंडून हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आखाजीला वंदना आली. सगळी गल्ली कॅसेट बघायला बसली, मीही होतो. सासूबाई गुलाबातून उगवल्या, जावईबापू बदामात फिरले, लोक हसले. पाठवणी आली, कडेने तो हात आला, आणि नाना पाणी प्यायच्या निमित्ताने उठायला लागले. वंदनाने त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं. "बठ्ठी कॅसेटमा तुम्ही इतलाच शेतस, नाना," एवढंच ती म्हणाली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये बाप तेवढाच होता, खरं होतं. तो तुकडा तिने मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला. तीनदा.

आठ दिवसांनी ती सुरतेला निघाली. बसस्टँडवर पोचवायला अक्का, नाना आणि मी. नानांना रिकाम्या खांद्याने चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते जरा एका अंगाला झुकूनच चालत होते. कॅमेरा घरी, मिक्सिंगच्या खोलीत, कूलरसमोर ठेवून आले होते.

गाडी लागली, बॅगा चढल्या. वंदना अक्कांच्या पाया पडली, मग नानांसमोर येऊन उभी राहिली आणि बघत राहिली. नानांचा डावा हात वर आला. पण तो हात तिच्या डोक्यावर गेला, मग उजवाही गेला, आणि ती बापाच्या गळ्यात पडून जी रडायला लागली ती थांबेचना.

गाडीची वेळ होऊन गेली होती. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मग वैतागून घंटीची दोरी धरली. नानांनी मुलीला सोडलं नाही. तिच्या डोक्यावरून त्याच्याकडे बघत, वीस वर्षांच्या सवयीने, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जराखं थांबा, कॅसेट बदली ऱ्हायनू."

कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं. कॅमेरा कुठेच नव्हता. त्याने दोरी सोडून दिली.