दोन पोरं म्हणजे एक रवा

बालवर्ग चांगला की वाईट, हे ओळखायची पक्की पद्धत अख्ख्या करवीर इलाख्यात एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस म्हणजे मी! पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून किंडरगार्टन शिकून आलेला त्र्यंबक मास्तर. आत्ताच हसू नका. पुढं हसायला पुष्कळ जागा आहे.

महाराजांच्या राज्यात सध्या शाळा काढायचा सपाटा चालू आहे. त्या सपाट्यात मंगळवार पेठेत माझाही बालवर्ग निघाला. तीन ते पाच वर्षांची पोरं. वर्गाची मदतनीस सुलतानबी सकाळी घरोघर फिरून त्यांना गोळा करते. एक कडेवर, दोन पदराला धरून आणि बाकीची रडत मागून. मग आम्ही गाणी म्हणतो, मातीची वांगी करतो, ठोकळे रचतो. पोरं मला मास्तर कमी आणि घोडा जास्त समजतात. समजू देत! मला ती जिवापाड आवडतात.

पण शाळा तपासणाऱ्या आमच्या डेप्युटीसाहेबांना गाण्यात आणि वांग्यांत रस नव्हता. ते वर्ग बघायला आले, तेव्हा एक पोर त्यांच्या जोड्यात पाय घालून फिरत होतं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "चौथीतल्या मुलाला उभं करून वाचायला लावता येतं. तुमच्या मुलांना उभं केलं तर ती बसतात, बसवलं तर आडवी होतात! वर्ग नीट चाललाय हे ओळखायचं कशावरून?"

"साहेब, पोरं आनंदात आहेत."

"ते जत्रेतही असतात. तुमचा वर्ग तुम्हीच तपासा. उणं असेल ते सुधारा आणि संक्रांतीपर्यंत मला काहीतरी ठोस दाखवा. नाही तर वर्ग बंद, आणि तुम्ही चंदगडला!"

चंदगड! तिथं पाऊस लागला की मास्तरांच्या अंगरख्यावर शेवाळ धरतं म्हणतात. पण खरं सांगू? शेवाळाचं मला एवढं वाटलं नाही. ही पोरं पुन्हा दिवसभर गटारीच्या काठाला बसणार, या विचारानं घास गोड लागेना.

तपासायचं कसं? गाणं म्हणून दाखवावं, तर एकानं मध्येच पाणी मागितलं आणि सगळ्या वर्गाला तहान लागली. आणि मग एके दिवशी दाढी करताना मला सुचलं. पोर आनंदात असलं की खातं. खाल्लं की वाढतं. वाढलं की वजन भरतं. म्हणजे वर्गाचा चांगुलपणा काट्यावर दिसलाच पाहिजे! आता एकदा तोलायचं, संक्रांतीला पुन्हा तोलायचं. मधे जे कमी भरेल त्याच्या खाण्याझोपण्याकडे बघायचं. आनंदाच्या भरात मी गाल कापून घेतला.

सुलतानबीला मात्र हे रुचलं नाही.

"मास्तर, पोरांस्नी तागडीत घालायचं? दीठ लागंल की!"

"सुलतानबी, हे शास्त्र आहे!"

"मग शास्त्राला दीठ लागत न्हाय व्हय?"

पोरं तोलायची तर काटा मोठा हवा, आणि मोठा काटा गुळाच्या पेठेत. तिथले आकारामअण्णा अडते माझ्या ओळखीचे. हंगाम ऐन भरात होता. वाटेत पोर हरवू नये म्हणून सगळ्यांच्या हातात एकच दोर दिला. पुढं मी, मागं सुलतानबी, मधे दोराला लटकलेला वर्ग. बाजाराच्या दिवशी बकऱ्या नेतात तशी आमची वरात निघाली, हे मला तेव्हा दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं.

अण्णांची वजनं कामात अडकली होती. "गुळाच्या रव्यासंगं तोला की!" ते म्हणाले. पारड्यात वर्गातल्या जोतीरामला बसवलं, समोर गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, ठेवला. जोतीराम सरळ आभाळात गेला! मग त्याच्याशेजारी आणखी एक पोर घातलं, तेव्हा कुठं काटा जागेवर आला.

"दोन पोरं म्हंजे एक रवाऽऽ!" हमालानं सवयीनं आरोळी ठोकली.

जोडी कमी भरली की अण्णा तिच्याच पारड्यात गुळाचा खडा टाकून काटा बरोबर करायचे. पोरं तो खडा लगेच खायची. खडा पोटात गेला तरी पारडं जरासुद्धा हलत नाही, हे शास्त्र मला तिथं नव्यानं कळलं. पुन्हा तोलला जाऊ नये म्हणून तोललेल्या रव्यावर हमाल गेरूचा पट्टा ओढतात. त्यांनी पोरांच्या पोटावरही ओढला. मी म्हटलं, उत्तम! गोंधळ नको. शेजारीच दोन व्यापारी उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून एका रव्याचा भाव ठरवत होते.

आणि नेमक्या त्याच वेळी चिमणाबाई गूळ घ्यायला आल्या. चिमणाबाई म्हणजे जोतीरामची आजी, मंगळवार पेठेचा सगळ्यात मोठा आवाज. त्यांनी तागडी बघितली. तागडीपाशी नातू बघितला. नातवाच्या पोटावरचा गेरू बघितला. उपरण्याखालचे हात बघितले.

"आगं आयाऽऽ! मास्तरनं पोरं इकाय काढली!"

मंगळवार पेठ गुळाच्या पेठेपासून लांब आहे. पण तो आवाज थेट तिथंच पोचला असावा. मी "अहो, ऐका तरी" म्हणेपर्यंत निम्मी पेठ समोर उभी! पोरांच्या आया, काकवा, आणि त्यांच्यामागून तालमीत अंग कमावलेले दोन मामा.

"बोल मास्तर, काय चाललंय?"

"काही नाही हो! नुसतं वजन बघत होतो."

"कशाला? बकरी हाईत व्हय?"

"तसं नव्हे. आत्ता जरा कमी भरतायत. महिनाभर नीट खाऊ घालतो आणि संक्रांतीला पुन्हा आणतो!"

एवढं मात्र मी बोलायला नको होतं. मामांनी बाह्या वर सारल्या.

आकारामअण्णा मदतीला धावले. "आवं, मास्तरचा माल एक नंबर हाय! म्या सोता बघितलाय!"

"सुलतानबी, तूबी ह्यात हाईस?" चिमणाबाई कडाडल्या.

"या अल्ला! मावशे, मी कवाची सांगतीया, दीठ लागंल म्हून!"

गर्दीत एक टांगा अडकला होता. स्टेशनाकडून येणारा. त्यातून एक ओळखीचं पागोटं उतरलं. डेप्युटीसाहेब! माझ्या डोळ्यांपुढं चंदगडचं शेवाळ उभं राहिलं.

"मास्तर, हा काय प्रकार आहे?"

"साहेब," मी कसाबसा म्हणालो, "वर्ग तपासतोय."

"कुठला वर्ग अन् काय!" चिमणाबाई म्हणाल्या. "माझं पोर उद्यापास्नं यायचं न्हाय! कुणाचंच यायचं न्हाय! चल रं जोत्या घरला!"

त्यांनी जोतीरामचा हात ओढला. जोतीरामनं दुसऱ्या हातानं माझं धोतर धरलं.

"म्या न्हाय येत! मला मास्तरपाशी ऱ्हायाचंय!"

ते बघून दुसरं पोर माझ्या पायाला बिलगलं. तिसरं सुलतानबीच्या पदरात शिरलं. आया ओढतायत आणि पोरं आमच्या अंगाला गोचिडासारखी चिकटलेली! जोतीराम तर माझ्या गळ्यात चढून बसला. एका हातानं मी धोतर सावरत होतो आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होतो. खोटं कशाला सांगू?

चिमणाबाईंचा हात सैल पडला. "आत्ता गं बया! ह्ये सोताच्या मामाच्या घरी ऱ्हात न्हाय. कुनाच्या अंगाला हात लावू देत न्हाय. आन् हितं..."

साहेबांनी पागोटं नीट केलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तो काटा राहू द्या. मूल घरी जायला तयार नाही, याहून मोठी तपासणी कुठली? वर्ग चालू राहील."

मामांनी बाह्या खाली केल्या. चिमणाबाईंनी माझ्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. त्या रात्री मी चार घास जास्त जेवलो आणि दिसेल त्याला सांगत सुटलो, की प्रेम, प्रेम हेच बालशिक्षणाचं खरं माप!

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम सगळ्यांच्या आधी धावत आला. मी दोन्ही हात पसरले. त्यानं माझा एक हात उलटा करून बघितला. मग दुसरा. मग खिशात हात घालून आतला खडू बाहेर काढला, चाटला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याला खरोखरच विकला असता तरी त्यानं तसं बघितलं नसतं.

"गूळ कुठाय?"

"गूळ काल होता, बाळा."

"आज्जेऽऽ! मला घरला ने!"

मी सुलतानबीकडे वळलो. ती पदरात तोंड खुपसून हसत होती.

"आवं मास्तर, आकारामअण्णांनीच सांगितलंतं त्येंस्नी. जी पोरं घरला जातील त्येंस्नी दुसरा खडा न्हाय, म्हून!"

मी मटकन खाली बसलो. जोतीराम रडत रडत आला, माझ्या मांडीवर बसला आणि तिथंच बसून "घरला ने" म्हणून भोकाड पसरलं.

"घरला जायाचंय आन् मांडीवरनं उठत न्हाय," सुलतानबी म्हणाली. "आता ह्येला काय म्हनायचं?"

मी ते जमेत धरलंय. डेप्युटीसाहेबांना बाकीचं कळवायची काही गरज आहे, असं मला वाटत नाही. तुम्हीही कळवू नका.