खवलेशास्त्र्यांचा हॉटस्पॉट

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. फक्त रेंज नव्हती.

नदी होती, बेहड्याची आणि किंजळीची झाडं होती, सरपंच होता, सरपंचावर नाराज असलेले लोकही होते. तेव्हा तसं कशाचं कमी नव्हतं. पण फोन कानाला लावला की नदीचाच आवाज यायचा.

त्या जंगलात एका बिळात अनंतशास्त्री खवले राहत. ते खवले मांजर होते. नावात मांजर असलं तरी हे मांजर नव्हे. अंगभर खवले, लांबलचक जीभ, आणि भीती वाटली की अंगाचं मुटकुळं. शास्त्रीबुवा फार शिकलेले होते. त्यांनी मुंग्यांच्या एका रांगेवर मोठा प्रबंध लिहिला होता. प्रबंध पुरा झाल्यावर त्यांनी ती रांग खाल्ली. तेव्हापासून आपला निष्कर्ष बरोबर होता की नाही, ही शंका त्यांना छळत असे. तपासायला रांगच उरली नव्हती.

शास्त्रीबुवांना कशाचीच खात्री नसे. आपल्या बिळाचं तोंड पूर्वेला आहे हे त्यांना माहीत होतं. पण सूर्य उगवेपर्यंत ते तसं धरून चालत नसत.

जंगल त्यांना मान देई. मान द्यायचा म्हणजे जरा लांबून जायचं. त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांच्या बिळाशी कोणी थांबलं नव्हतं.

मग असं झालं की जंगलाच्या कडेचं माणसांचं विश्रामगृह बंद पडलं. माणसं गेली. एक जुना कॉम्प्युटर, छपरावरची सौरपाटी आणि इंटरनेटची तार मागे राहिली. तार चालू होती, कारण ती बंद करण्याचा अर्ज कोणी केला नव्हता. शास्त्रीबुवांनी हे सगळं ओढत, थांबत, पुन्हा विचार करत आपल्या बिळात आणलं.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली. लिनक्स फुकट मिळतं. फुकट मिळालेल्या वस्तूची एक अडचण असते, मुलांनो. ती बिघडली तर रागवायचं कोणावर, ते कळत नाही.

शास्त्रीबुवांनी पुष्कळ वाचलं आणि त्या कॉम्प्युटरचा हॉटस्पॉट केला. म्हणजे तारेतून आत आलेलं नेट त्यांनी हवेत सोडलं. ते फार लांब जात नसे. बिळासमोरच्या जुन्या बेहड्यापर्यंत जाई आणि तिथे दमून थांबे.

बस्स. दुसऱ्या दिवसापासून सगळं जंगल त्या बेहड्याखाली येऊन बसू लागलं. सांबरं आली, ससे आले, वानरांची टोळी आली. येताजाता कोणी बिळात डोकावून विचारी, "शास्त्रीबुवा, जेवलात का?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. पहिल्या वेळी तर त्यांना खात्रीने उत्तरही देता आलं नाही.

त्या बेहड्याच्या ढोलीत धनेशवहिनी होत्या. धनेश पक्ष्यांची रीत अशी की अंडी घालायची वेळ आली की बायको ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. नवरा बाहेरून फळं आणून भरवतो. वहिनींनी त्या फटीशी फोन टेकवून ठेवला होता. दिवसभर त्या पलीकडच्या खोऱ्यातल्या आपल्या आईशी बोलत, म्हणजे भांडत.

असं सगळं छान चाललं होतं. फक्त नेट मधूनच जायचं.

का जायचं, ते कळत नव्हतं. गेलं की बेहड्याखालून हाकांचा कल्लोळ उठे. शास्त्रीबुवा धडपडत बाहेर येत, पुन्हा आत जात आणि काहीतरी बदलत. एकदा त्यांनी नेट हवेत सोडायचा चॅनल बदलला. नेट आलं. पण ते चॅनल बदलल्यामुळे आलं की आपलं आपण आलं, हे ठरेना. म्हणून त्यांनी चॅनल पूर्वीचा केला. नेट चालूच राहिलं. आता तर काहीच ठरेना.

वानरांचा म्होरक्या काळतोंडे याला मात्र सगळं ठाऊक होतं. तो म्हणे, बंद करा आणि चालू करा. बंद करून चालू केलं की नेट येई. त्यामुळे काळतोंडे जंगलात तज्ज्ञ गणला जाऊ लागला. शास्त्रीबुवा त्याला समजावत की हा उपाय आहे, कारण नव्हे. काळतोंडे म्हणे, "कारण घेऊन चाटायचंय का?"

शेवटी शास्त्रीबुवांनी दक्षिण ध्रुवावरच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांना विचारलं. लिनक्समधलं त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही, असं त्यांचंच म्हणणं होतं. शास्त्रीबुवांनी फार नम्र आणि फार लांब प्रश्न लिहिला. एका पक्ष्याचं उत्तर आलं की हे आधी विचारून झालं आहे. दुसऱ्याने लिहिलं, आमच्याकडे तर चालतंय. तिसरा म्हणाला की तुम्ही लिनक्सच चुकीचं घेतलंत, आम्ही वापरतो ते घ्या. त्यावरून दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं जुंपलं. ते भांडण अजून चालू आहे. शास्त्रीबुवांचा प्रश्न त्याखाली कुठेतरी आहे.

आता काय झालं, सरपंचांच्या मुलीचं लग्न निघालं.

सरपंच गवा होते. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, कारण दुसरं काही म्हणून पाहायची कोणाची हिंमत नव्हती. धाकटी मुलगी सावळी लग्नाची होती. गव्यांमध्ये रंगाचा प्रश्न येत नाही. पायातले मोजे पांढरेशुभ्र आहेत ना, एवढंच पाहतात. मुलाकडचे घाटापलीकडे राहत, तेव्हा मुलगी फोनवर दाखवायचं ठरलं.

पण एक रीत होती. फोन मुलाकडच्यांनी करायचा. मुलीकडच्यांनी आपण होऊन केला, तर मुलगी जड झाली आहे असा अर्थ होतो.

तेव्हा सगळे वाट बघत बसले. पाहुण्यांना वाट मोकळी हवी म्हणून दादासाहेबांनी हुकूम काढला की कोणी नेटला हात लावायचा नाही. सगळ्यांनी आपापले फोन पालापाचोळ्यावर पालथे घातले. वहिनींनीसुद्धा आईला गप्प केलं. सावळी मोजे धुऊन, मान खाली घालून बसली. जंगलात इतकी शांतता झाली की वाळवीचं कुरतडणं ऐकू येऊ लागलं. शास्त्रीबुवांच्या तोंडाला पाणी सुटलं.

फोन आला नाही.

संध्याकाळी घाटापलीकडून एक बगळा निरोप घेऊन आला. मुलाकडच्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला होता, तो लागलाच नव्हता. मुलगी दाखवायची नसेल तर तसं सांगा, आम्हाला स्थळं कमी नाहीत, असा निरोप होता. दादासाहेबांनी बगळ्याकरवी बरीच मनधरणी केली, तेव्हा येत्या पौर्णिमेला आणखी एकदा फोन करायचं पाहुण्यांनी कबूल केलं.

मग दादासाहेब बिळाशी आले. ते ओरडले नाहीत, याचीच शास्त्रीबुवांना जास्त भीती वाटली.

"शास्त्रीबुवा, तुमच्या विद्वत्तेबद्दल आमचं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण पोरीचं लग्न विद्वत्तेवर जमत नसतं. पौर्णिमेला नेट गेलं, तर ते खोकं नदीत. मग सगळं जंगल कोल्ह्याच्या टॉवरवर जाईल."

कोल्हा पलीकडच्या टेकडीवर टॉवर उभारून तयारच बसला होता. दर काय ते तो नंतर सांगणार होता. सशांना अंदाज होता.

शास्त्रीबुवांनी अंगाचं मुटकुळं केलं. त्यांना खोक्याचं काही नव्हतं. पण टॉवर टेकडीवर, म्हणजे सगळे टेकडीवर जाऊन बसणार. बेहड्याखाली पुन्हा नुसता पाचोळा. आणि जेवलात का, हे मरेपर्यंत आपलं आपणच विचारायचं.

ते कामाला लागले. त्यांनी फोनांना नेटवरचे पत्ते वाटणारी यंत्रणा तपासली, नेट हवेत सोडणारं कार्ड काढून पुसलं, तार उलट लावून पाहिली. रोज दुपारी तालीम ठेवली. तालमीत दादासाहेब सगळ्यांना फोन पालथे घालायला लावत. थोडा वेळ जाई आणि नेट हमखास जाई. मग दादासाहेब फुरफुरत, काळतोंडे बंद करून चालू करी, सगळे फोन उचलून एकमेकांना आलं का, आलं का, असं विचारत, आणि नेट दिवसभर अगदी गुणी बाळासारखं चाले. एरवी वैद्य आला की दुखणेकरी उठून बसतो. फक्त इथे दुखणेकरी वैद्यासमोरच बेशुद्ध पडत होता.

पौर्णिमा उद्यावर आली. तालीम पुन्हा फसली. शास्त्रीबुवा बेहड्याखाली एकटेच बसले होते. तेवढ्यात वरच्या फटीतून चोच बाहेर आली.

"शास्त्रीबुवा, एक विचारू का? मी आईशी भांडत असते तेव्हा नेट कधी जात नाही. तुम्ही सगळ्यांना गप्प बसवता, तेव्हाच कसं नेमकं जातं?"

शास्त्रीबुवा त्यांना समजावू लागले की वहिनी, दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हा विचारातला फार जुना दोष आहे, आणि...

आणि ते मध्येच थांबले. मग तिथेच त्यांचं मुटकुळं झालं. ते पुष्कळ वेळ उलगडलं नाही.

त्या मुटकुळ्यात त्यांना उमगलं. लिनक्स काटकसरी होतं. कार्डाला काम नसलं की वीज वाचवायला ते त्याला झोपवत होतं. एकदा झोपलं की दारात कोण आलंय हे कार्डाला ऐकू येत नव्हतं. जंगल बडबडत असलं की कार्ड जागं. पाहुण्यांसाठी जंगलाने वाट मोकळी केली की कार्ड गाढ झोपेत. मानपानानेच पाहुणे दारातून परत गेले होते.

शास्त्रीबुवांना कार्डाचा राग आला नाही. दाराशी कोणी येतच नसेल तर जागं राहून करायचं काय? त्यांना ते वागणं अगदी मनापासून पटलं.

उपाय एका ओळीचा होता. कार्डाला सांगायचं, झोपू नकोस. त्यांनी ती ओळ लिहिली. वाचली. पुसली. आपण चुकत असू, असं त्यांना वाटलं. मग नेहमीच आपण चुकत असू असं वाटतं, तेव्हा त्या वाटण्याचा आज उपयोग नाही, असंही वाटलं. ओळ पुन्हा लिहिली, कायमची नोंदवली, आणि डोळे मिटून जिभेनेच एंटर दाबलं.

पौर्णिमेला सगळं जंगल गप्प बसलं. फोन पालथे. मान खाली. वाळवी कुरतडतेय. शास्त्रीबुवा बिळात, शेपटी तोंडात.

आणि फोन वाजला.

पाहुण्यांनी मोजे पाहिले, पुन्हा एकदा जवळून पाहिले, आणि पसंती कळवली. दादासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच काळतोंड्याचा सत्कार केला. त्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर बंद करून चालू त्यानेच केलं होतं.

शास्त्रीबुवांना त्याचं काही वाटलं नाही. मशीन राहिलं, बेहडा राहिला, मंडळी राहिली. आणखी काय हवं?

नेट त्यानंतर गेलंच नाही.

सकाळी चालू, दुपारी चालू, वादळात चालू. सगळे बेहड्याखाली येत आणि मान खाली घालून बसत. सगळं जंगल जणू दाखवायला बसलेली मुलगी झालं होतं. शास्त्रीबुवा मधूनमधून बाहेर येत. चालतंय ना, असं विचारत. कोणी मान वर करत नसे. एकदा एका सांबराने हात हलवला, पण तो माशी हाकलत होता. धनेशवहिनींना आता मालिका अखंड दिसू लागल्या होत्या, त्यामुळे त्यांनी आईशीही बोलणं सोडलं होतं.

सावळीचं लग्न थाटात झालं. सगळ्या जंगलाने ते फोनवर पाहिलं. शास्त्रीबुवांनीही पाहिलं. वरातीत काळतोंडे सर्वांत पुढे होता. आपल्याला आमंत्रण आलं नाही, की आलं आणि आपणच विसरलो, याबद्दल शास्त्रीबुवांना नेहमीप्रमाणे खात्री नव्हती. त्यांनी बिळाच्या तोंडाशी पाहिलं. अक्षतेचा दाणाही नव्हता.

ते आत गेले. ती एक ओळ त्यांनी शोधली. वाचली. आणि या वेळी अजिबात न घुटमळता पुसून टाकली.

दुपार झाली. ऊन चढलं. बेहड्याखाली मंडळींचा डोळा लागला. फोन हातातून पाचोळ्यावर गळले. काम उरलं नाही, तसं कार्डही हळूच झोपलं.

आधी जाग आली ती वहिनींना.

"शास्त्रीबुवा, अहो शास्त्रीबुवा, नेट गेलं."

मग सांबराची हाक आली. मग सशांची. काळतोंडे बंद करून चालू करायला निघाला, पण बिळाचं दार आतून लावलेलं होतं. तेवढ्यात संधी साधून कोल्ह्याने टेकडीवरून दराची गोष्ट काढली. ससेच एका आवाजात म्हणाले की आपलं जातं-येतं नेटच बरं. दादासाहेबांनी नदीचा विषय काढला नाही. त्यांची मुलगी आता उजवली होती.

"बघा की जरा, शास्त्रीबुवा," कोणीतरी बिळाच्या दाराशी तोंड नेऊन म्हणालं. "का जातंय हो हे? आणि तुम्ही जेवलात का?"

शास्त्रीबुवा लगेच बाहेर आले नाहीत. थोडं थांबले. मग सावकाश बाहेर येऊन सगळ्यांकडे पाहत त्यांनी चिंतेने मान हलवली.

"नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "बसा तुम्ही. बघावं लागेल."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट नक्की सांगता येत होती.

तात्पर्य: मुलांनो, बिघाडाचं मूळ चिकाटीने शोधावं. ते सापडलं की नीट जपून ठेवावं. ज्याचं सगळं सुरळीत चालतं, त्याला कोणी जेवलात का म्हणून विचारत नाही.