जवसाचा दोरा आणि दोन घागरी

वैजनाथअप्पांसमोर 'लाइन' हा शब्द काढायचा नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काढलाच, तर अर्धा तास गेला म्हणून समजा.

अप्पा दूध सोसायटीचे सेक्रेटरी, मी त्यांच्या हाताखाली फॅट मोजणारा. एकदा मी नुसतं म्हणालो, "अप्पा, लाइन गेली." झालं! "कोन्ती? इजेची, फोनची, का घाटनांदूरच्या रेल्वेची? का कुनावर लाइन मारायलास?" जुन्या पावत्यांच्या पाठीवर त्यांनी या एका शब्दाचे एकतीस अर्थ लिहून ठेवले होते. उगम विचारला की छाती फुगवून सांगत, "आरं, लाइन म्हंजी जवसाचा दोरा! तिकडं साहेबाच्या मुलखात जवसाच्या काडीचं सूत काढत्यात. गवंडी दोरी लावतो तसं ते ताणलं, की झाली लाइन. शब्द साहेबाचा हाय, पर मूळ आपल्या शेतातलं." तेव्हा ओट्यावर त्यांना खेटून बसलेली त्यांची बायको, आमच्या गिरजाकाकू, ओरडत, "चटणीपुरतं तरी जवस ठिवा, समद्याच्या लाइनी करू नका!"

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. टँकर दिवसाआड यायचा. टँकर येईपर्यंत उन्हात माणसांनी नाही, घागरींनी उभं राहायचं, हा आमचा रिवाज. माणशी एक घागर. अप्पा मात्र दोन लावायचे. एक स्वतःची, तिच्यामागं काकूंची पितळी. मी शेवटच्या टोकाला, माझी लेकरं घरी तहानलेली. एक दिवस माझं टाळकं सरकलं. सगळ्यांदेखत ती पितळी घागर उचलून मी बाजूला आदळली.

"एकट्याला दोन कावून, अप्पा? ही कोन्ती लाइन म्हनायची?"

आता बत्तिसावा अर्थ येणार म्हणून सगळे थांबले. अप्पांनी वाकून आडवी पडलेली घागर उभी केली.

मग हळूच म्हणाले, "तिला पानी नको, बाबा. तिचा नंबर आला की मी मागच्याला सोडतो. इतकी वर्सं आडावर दोघांच्या घागरी मागंपुढं ऱ्हायल्या. माजी एकटी दिसली की लई..."

"खरं हाय," मागची सखूबाई म्हणाली. "ती घागर कोरडीच नेत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या टँकरला मी सगळ्यांच्या आधी गेलो. अप्पांच्या ओट्यावरून दोन्ही घागरी नेऊन मीच लाइनीत लावल्या. अप्पा आले. दोन घागरींतलं अंतर त्यांनी बघितलं.

"जरा जवळ सरकव रं," म्हणाले. "तिला ऐकू कमी यायचं."