धुराचे पाच खाने

विधान तिसरे : चुलीचा धूर घराला घातक आहे.

"पूर्ण सहमत," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बद्रीनाथपुढे गुळाचा खडा सरकवला. देवगाव रंगारीच्या त्या ओसरीवर चाळीस बाया बसल्या होत्या. चाळिसांनी माना डोलावल्या. प्रत्येक विधानापुढे पाच खाने होते : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. बद्रीनाथने चाळीस कागदांवर पहिल्याच खान्यात फुल्या मारल्या.

विधान सातवे : चुलीचा धूर घराच्या हिताचा आहे.

"पूर्ण सहमत!"

बद्रीनाथची पेन्सिल हवेतच राहिली.

"मावशी, आत्ताच तर घातक म्हणालात."

"व्हय."

"मग हिताचा कसा?"

"दोन्ही तूच वाचलं ना, लेकरा? एकाला व्हय अन् एकाला नाय, असा दुजाभाव कसा करायचा? येष्टी फाट्यावर सोडती. तिथून उन्हात पायी आलास तू. तुला नाय कोण म्हणंल?"

बद्रीनाथ औरंगाबादेत मानसशास्त्राचं एम.ए. करत होता. प्रयोग सोपा होता. आधी बायांचं धुराविषयीचं मत मोजायचं, मग निर्धूर चुलीवर तासभर भाषण द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन मापांत जो फरक पडेल, ती भाषणाची ताकद. "फरक नाही तर प्रबंध नाही," असं त्याचे सर, तात्यासाहेब, सांगून चुकले होते. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. तो गेला की एम.ए. गेलं, आणि एम.ए. गेलं की कन्नडच्या कॉलेजातली ठरलेली नोकरीही गेली. आज गुरुवार होता, आणि भाषणाआधीच चाळीस बाया सगळ्यालाच पूर्ण सहमत होऊन बसल्या होत्या.

तो खांबाला टेकला. समोरच्या छपरातून निळसर धूर निघत होता, लिंबाच्या फांद्यांत अडकत होता, सुटत होता. त्याच्याकडे बघता बघता आपण इथं कशाला आलो तेच बद्रीनाथ क्षणभर विसरला.

"तुला नेमकं काय पायजे?" चतुराबाईंनी विचारलं. त्या मनकर्णाबाईंच्या जाऊबाई, जिभेला धार.

"तुमचं खरं मत."

"ते हाय की. पर तुला कोणतं पायजे?"

इथं बद्रीनाथ चुकला. त्याने खरं सांगितलं. "आधी तुम्ही धुराच्या बाजूच्या हव्यात. मग मी बोलणार. मग तुम्ही बदलायचं."

"म्हंजी आधी धुराची वकिली करायची? एवढंच ना! उद्या ये."

शुक्रवारी वकिली सुरू झाली. आधी नुसतं खिदळणं. मग चतुराबाई म्हणाल्या, धुरानं वाशाला भुंगा लागत नाय. कुणी म्हणालं, आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं धुरावरच टिकतात. कुणी म्हणालं, धूर हाय म्हणून गोठ्यात मच्छर नाय. एकीचं ऐकून दुसरीला सुचत होतं. आपल्याला इतकं ठाऊक आहे, हे बायांना त्या दिवशीच कळलं.

"आमचे मालक वावरातून धूर बघायचे," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "धूर उभा ऱ्हायला की औत सोडायचे. ते गेले, तवा लई दिवस आमची चूल थंड व्हती. मंग एक दिवस मी पेटवली अन् भायेर येऊन धूरच बघत बसले. वाटलं, आता वावरातून निघाले असतील."

(या विधानाला कागदावर क्रमांक नव्हता.)

फुल्या मारायचं बद्रीनाथच्या ध्यानातच राहिलं नाही. शुक्रवारचे कागद कोरे राहिले. पहिलं माप म्हणून उरले ते गुरुवारचेच.

शनिवारी तो तासभर बोलला. डोळे, फुप्फुसं, लाकूडफाटा. मधेच त्याची नजर छपरांवर जायची आणि वाक्य तिथंच विरून जायचं.

विधान तिसरे : चुलीचा धूर घराला घातक आहे.

"पूर्ण असहमत," चाळीस आवाज म्हणाले.

"अहो, माझं भाषण..."

"लई चांगलं बोललास, लेकरा," चतुराबाईंनी त्याची समजूत काढली. "पर शुक्रवारी आमी त्याहून चांगलं बोललो."

सोमवारी तात्यासाहेबांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले.

"फरक आहे. प्रचंड आहे. पण उलटा! तुझं भाषण ऐकून चाळीस बाया तुझ्याच विरोधात गेल्या?"

"होय सर."

"पंचवीस वर्षं मी भाषणं देतोय, माझ्याने हे कधी जमलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "कागद खरे असतील तर पास. बनावट असतील तर नापास. मी गावात येऊन बघणार."

पंधरा दिवसांनी दोघे फाट्यावर उतरून गावात शिरले. दर छपरातून एक नवीकोरी सिमेंटची नळी वर आली होती. घराघरात निर्धूर चूल.

"बद्रीनाथ," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले, "कागद बनावट आहेत."

मनकर्णाबाईंनी दोघांना ओसरीवर बसवलं. तात्यासाहेबांनी खिशातून कोरा कागद काढला.

"बाई, विधान तिसरे. चुलीचा धूर घराला घातक आहे."

"पूर्ण असहमत."

"मग ही चूल?"

"पंचायत समितीचा गवंडी आलता. बशिवली."

"कशाला?"

"धुरानं डोळे जातात ना, साहेब."

"म्हणजे धूर घातक आहे!"

"नाय वो. धूर चांगला. मला लई आवडतो."

"मग?"

"आवडतो. सोसत नाय."

तात्यासाहेबांनी पाचही खाने दोनदा तपासले. पेन्सिल कुठेच टेकेना. "बाई, तुम्ही एक सांगता आणि दुसरंच करता."

"तुमच्या लेकरानं मन इचारलं, आमी मन सांगितलं. चूल बसवू का, असं इचारलं कुठं?"

तात्यासाहेबांनी कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला. दुपार कलत होती. पंचवीस वर्षांत मोजलेल्या मतांचे सगळे गठ्ठे त्यांच्या डोळ्यांपुढून तरंगत गेले असावेत. चेहरा तरी तसाच दिसत होता.

मनकर्णाबाईंनी चहा आणला. "अन् साहेब, आमच्या बद्रीनाथाला पास करणार ना?"

"सांगता येत नाही," तात्यासाहेब सवयीने म्हणाले.

"तुमचं मन नाय इचारलं, साहेब. पास करणार का, ते इचारलं."

तात्यासाहेबांनी चहा खाली ठेवला आणि मुकाट्याने सहीसाठी पेन शोधू लागले.