पान बत्तीसवरचं भुयार

छापील मजकुराचा मोठा गुण असा की त्याला कोणी उलटून बोलत नाही. बोललंच, तर पत्राने बोलतं, आणि पत्राला उत्तर न देण्याची सोय टपालात पहिल्यापासून आहे. या सोयीचा लाभ मी अठ्ठावीस वर्षं घेतला.

ते पत्र म्हणजे जोडकार्ड होतं. नव्या वाचकांसाठी सांगतो (जुने फारसे उरले नाहीत, आणि उरलेत ते माझं वाचत नाहीत). जोडकार्ड म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण प्रश्न लिहायचा. दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं ठेवायचं. समोरच्याने फक्त फाडायचं, लिहायचं आणि पेटीत टाकायचं. आळशी माणसाला एकही सबब राहू नये, अशी ही योजना होती. मी आळशी नव्हतो, भित्रा होतो. भित्र्यांचा विचार योजनेत नव्हता.

मजकूर असा होता: "सा. न. वि. वि. तुमच्या पुस्तकात पान ३२ वर लिहिले आहे की तारापूरच्या किल्ल्यातून निघालेले भुयार नवापूरला आमच्या विहिरीत उघडते. माझी आजी म्हणते असे काही नाही. बाई म्हणतात पुस्तकात खोटे नसते. कोणाचे खरे? कृपया कळवावे. आजी वाट बघत आहे. कु. शैला दामू पागधरे, इयत्ता आठवी, नवापूर."

आजीचं खरं होतं.

घडलं ते एवढंच. पालघरच्या वाचनालयात नोकरीला असताना मी परिसरातल्या जुन्या वास्तूंवर एक पुस्तिका लिहिली. छपाईत सोळा पानांचा एक फर्मा असतो, दोन फर्म्यांची बत्तीस पानं होतात. माझं ज्ञान साडेएकतीस पानांत संपलं. मुद्रक दिनानाथ म्हणाले, "अर्धं पान कोरं राहतंय. पडलेल्या दातासारखं दिसेल. काहीतरी टाका." मी खिडकीबाहेर पाहिलं आणि भुयार टाकलं. किल्ल्याला भुयार असणं हे माणसाला मामा असण्याइतकं स्वाभाविक आहे. नसलं तर लोक हळहळतात. भुयाराची लांबी नऊ ओळी होती. दुसरं टोक नवापूरला काढलं, कारण एकदा उन्हात त्या विहिरीपाशी एका बाईंनी मला पाणी काढून दिलं होतं आणि ते गोड होतं. कृतज्ञता म्हणून मी त्या विहिरीला इतिहासात घेतलं. (लोकांवर उपकार करताना मी नेहमीच असा घोळ घालतो.)

पुस्तिकेच्या पाचशे प्रती निघाल्या. त्यांतल्या चारशे साठ माझ्या पलंगाखाली आहेत. चाळीस प्रतींनी काय होणार, असं मला वाटायचं.

परवा माझ्या शहात्तराव्या वाढदिवसाला नात तेजलने मला एक दिवसाची सहल भेट दिली. "खाजगी मोटारीने वारसा दर्शन. एक दिवस, सात वास्तू, मार्गदर्शकासह. भुयार समाविष्ट." शेवटचे दोन शब्द वाचून मला ताप आल्यासारखं वाटलं. तेजल म्हणाली, "आजोबा, तुमचंच भुयार आहे. बघून तरी येऊ."

काल सकाळी आठला गाडी दारात आली. चालक अंकुश बेटेगावचा. मार्गदर्शक म्हणून पुढून एक चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई उतरल्या. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं: शैला पागधरे.

मी मागच्या सीटवर कोपऱ्यात बसलो आणि दिवसभर छत्री मांडीवर आडवी धरली.

सहलीची शिस्त वाखाणण्यासारखी होती. वास्तूंचे तीन वर्ग केलेले होते: उतरून पाहण्याच्या, काच खाली करून पाहण्याच्या, आणि काच वर ठेवून पाहण्याच्या. शिरगावचा किल्ला पहिल्या वर्गात होता, बोईसरची औद्योगिक वसाहत तिसऱ्या. (ती वास्तू कशी, असं मी विचारलं नाही. जुनी आहे, भव्य आहे आणि आत काय चालतं ते बाहेरच्याला कळत नाही. किल्ल्याला आणखी काय लागतं?) नऊ तासांची विभागणी अशी: रस्ता चार तास दहा मिनिटं, जेवण एक तास चाळीस, फोटो एक तास पाच, तेजलचा चष्मा शोधणं वीस मिनिटं, प्रत्यक्ष वास्तू चौदा मिनिटं. उरलेला दीड तास भुयाराचा.

शिरगाव सोडताच शैलाबाईंनी आम्हाला प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला एक कागद दिला. पान बत्तीस. खाली माझं नाव, आणि नावाआधी "कै."

तेजलने कागद पाहिला, मला पाहिलं आणि ओढणी तोंडात कोंबली.

"लेखक वारले का?" मी विचारलं. स्वतःच्या निधनाची चौकशी इतक्या हलक्या आवाजात कोणी केली नसेल.

"वारलेच असणार, काका," शैलाबाई म्हणाल्या. "मी शाळेत असताना त्यांना पत्र टाकलेलं. भुयार खोटं असेल तर कळवा म्हणून. जोडकार्ड हां, साधं नाही! उत्तर नाही आलं. म्हणजे दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, भुयार खरं आहे, नाहीतर एवढा शिकलेला माणूस कळवल्याशिवाय राहिला नसता. आणि दोन, बिचारे गेले."

या तर्कात मला एकही फट सापडली नाही.

"आजोबा," तेजल कानात म्हणाली, "तुमचं तेरावं राहिलंय."

बोईसरला चहासाठी थांबलो. चहावाल्याने गाडी ओळखली. "सुरंग देखने जा रहे हो? बाहर से देखना, चाचा. हमारे बगल की खोली का एक आदमी अंदर गया था. आज तक भाडा देने नहीं आया."

अंकुशने मान डोलावली. "आमच्या बेटेगावला पन येतंय ना ते. फाटा फुटलाय त्याला."

"फाटा?" मी म्हणालो.

"तर! मधीच वळतंय. मुरबे गावचे लोक पन मागतात, आमाला बी एक फाटा पायजे."

नऊ ओळींच्या भुयाराने अठ्ठावीस वर्षांत केलेली प्रगती पाहून मी थक्क झालो. मी लिहिलं होतं, "एक माणूस वाकून जाईल एवढे." आता त्यातून हत्ती जात होता. तारापूरकरांनी सोडलेला कोंबडा नवापूरला निघाला होता. नवापूरकरांच्या मते कोंबडा त्यांचा होता आणि तो तारापूरला निघाला होता. (कोंबडा दोन्ही गावांत आज उपलब्ध नाही. दोन्हीकडे बोंबील चांगले मिळतात, त्यामुळे संशय कोणावरच घेता येत नाही.) एक अख्खी वरात आत गेली होती आणि बाहेर फक्त सनईवाला आला होता, तोही वाजवणं विसरलेला. आणि वाटेत अणुवीज केंद्र लागत असल्यामुळे भुयाराची सत्यता कायमची सुरक्षित झाली होती: वर काय आहे ते सर्वांना माहीत आहे, म्हणून खाली काय आहे ते कोणी विचारत नाही.

तारापूरच्या किल्ल्यात भुयाराचं तोंड पाहिलं. तो भिंतीतला एक कोनाडा आहे. पुस्तिका लिहिताना तिथे एक कुत्रं झोपलेलं मी पाहिलं होतं, आणि त्याचं शेपूट बाहेर राहत होतं, खोली एवढीच. आता कोनाड्याला झेंडूचा हार होता. तेजलने आत तोंड घालून "ओ!" केलं. शैलाबाई म्हणाल्या, "ऐकलंत? किती लांबून आवाज परत आला."

"तुम्ही पण करा ना आजोबा," तेजल म्हणाली. मीही केलं. (लांबून आल्यासारखा वाटला खरा.)

नवापूरला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. विहिरीजवळ बांबूंवर बोंबील सुकत होते आणि त्यांच्या सावलीत पाटावर एक नव्वदीच्या बाई बसल्या होत्या. शैलाबाईंनी घसा साफ केला.

"वास्तू क्रमांक सात. ही माझी आजी, येसूबाई. ही भुयार नाकारते."

मी कागद उलटून मागची वास्तूंची यादी पाहिली. खरंच, सातव्या क्रमांकावर "नाकारणारी आजी" असं छापलेलं होतं.

"नाय रे बाबांनू," येसूबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी हजार वेळा म्हटलं असावं, पण कंटाळून नव्हे. "भुयार बियार काय नाय. इहीर हाय, पानी हाय, दोन कासवं हायेत. मी सोता उतरलीय गाळ काढाया."

"बघा," शैलाबाई आम्हाला म्हणाल्या. "काही नसतं तर एवढं ठासून सांगितलं असतं का?"

गावाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. येसूबाई नाही म्हणतात, त्याअर्थी आत काहीतरी आहे. त्यांनी कौलं बदलली, त्याअर्थी ते सोनं आहे. त्यांनी एकदा रागाने महिनाभर कोणाशी बोलणं टाकलं, त्याअर्थी ते बरंच आहे. छापील नऊ ओळींनी एका खरं बोलणाऱ्या बाईला गावात खोटं पाडलं होतं, आणि ती बाई अजून दर फेरीला उठून खरं बोलत होती.

"शैले," त्या म्हणाल्या, "त्या बुकवाल्याचं आलं का गो?"

"नाय आजी. तो मेला."

"मेला नाय. लिवनारा मानूस हाय, लिवल कदीतरी." मग आमच्याकडे वळून, "मी थांबलीय. ते कारड आल्याबिगर मी जात नाय. यम आला तरी त्याला बोलीन, पोस्टात इचारून ये."

अंकुश हसला, तेजल हसली. मी छत्री घट्ट धरली.

येसूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तांब्या पुढे केला. "घ्या पानी. तुमी काय करत हुता?"

"वाचनालयात होतो."

"मंग लय बुकं वाचली असतील. बुकात खोटं असतं का हो?"

पाणी गोडच होतं. मी दोन घोट घेतले, तिसराही घेतला. "कधीकधी," मी म्हणालो.

"ऐकलं का गो, शैले? शिकलेला मानूस बोलतोय!"

"आजी, ते उन्हानं दमलेत."

मग मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. उभा राहिलो, छत्री खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ते पुस्तक मी लिहिलं. भुयार मी रचलं. अर्धं पान कोरं राहत होतं म्हणून."



शैलाबाईंनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "बसा काका. दर फेरीत एक तरी लेखक निघतो. मागच्या महिन्यात तर दोन होते, एकाच गाडीत. खूप भांडले."

"पण हे खरंच," तेजल म्हणाली.

"नात ना तुमची? त्यांच्यापण नाती हेच म्हणत होत्या."

येसूबाई मात्र हसत नव्हत्या. "कारड हाय का?" त्यांनी विचारलं. "पोरीनं दुसऱ्या पानावर आपला पत्ता टाकला हुता. जांबळी शाई. 'नवापूर'मधला 'पू' पुसून परत लिवला हुता. माज्यासमोर लिवला. ते कारड जो धाडील तो बुकवाला. बाकी समदे पावने."

कार्ड माझ्याकडे होतं. पालघरला, शब्दकोशाच्या चौथ्या खंडात. 'पू' पुसून परत लिहिलेला होता.

निघण्यापूर्वी, प्रथेप्रमाणे, सर्वांनी विहिरीत एकेक खडा टाकला आणि वाकून ऐकलं. बराच वेळ काही आलं नाही. मग खालून काहीतरी सरकल्यासारखं वाजलं. अंकुश म्हणाला, "आला!" मीही वाकलो होतो. (कासवं दोन आहेत, हे मला नुकतंच सांगण्यात आलं होतं.)

परतीच्या वाटेवर मी तेजलला माझ्या अडचणी क्रमाने सांगितल्या. उत्तर दिलं, तर शैलाबाईंच्या सहलीचं काय? शिवाय कार्ड आल्यावर आजी जायला मोकळ्या होणार. म्हणजे ते उत्तर होईल की प्रवासाची परवानगी? आणि न दिलं, तर त्या तशाच थांबणार, खोट्या ठरून. अठ्ठावीस वर्षं मी एक चार ओळींचं पत्र लिहू शकलो नाही, तो आता —

"आजोबा," तेजल म्हणाली, "सहलीची काळजी सोडा. लेखकाने मरणोत्तर लेखी नकार दिलेलं भुयार भारतात दुसरं नसेल. दोन गाड्या लागतील. आणि आजींचं म्हणाल, तर त्यांना जायचं नाहीये, जिंकायचंय. फाडा ते कार्ड."

घरी आल्यावर शब्दकोशातून कार्ड काढलं. कडेच्या छिद्रांवरून बरोबर फाटलं. लिहिलं: "चि. शैला, भुयार नाही. पान भरायला मी लिहिले. तुझ्या आजीचेच खरे, पहिल्यापासून. हे तिला मोठ्याने वाचून दाखव, गावासमोर. उशीर झाला. विहिरीचे पाणी दोन्ही वेळा गोड होते."

अर्धं कार्ड कोरं राहिलं. पडलेल्या दातासारखं दिसत होतं. पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. तिथे किती गोष्टी मावल्या असत्या! ते कोरंच ठेवलं.

आज सकाळी टपाल कचेरीत कमी पडणारं तिकीट चिकटवायला गेलो. खिडकीवरच्या प्रियंका नावाच्या मुलीने कार्ड उलटसुलट वाचलं (पोस्टकार्ड वाचण्यासाठीच असतं), आणि मला सहानुभूतीने म्हणाली, "काका, मी जाऊन आलेय हो तिथे. आवाज येतो."

मी बाहेर आलो आणि कार्ड लाल पेटीत सोडलं. कान लावून ऐकलं. तळाला टेकल्याचा आवाज आला नाही.

आता तुमच्या मनात काय आलं, ते मला कळलं. नाही. तसं काही नाही. पेटी आधीच्या पत्रांनी भरलेली होती, एवढंच. भुयार मी रचलं होतं, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं आहे, आणि तुम्ही समजूतदारपणे मान डोलावता आहात. येसूबाईंसमोर सगळे डोलावतात, अगदी तशीच.